मोटारवालं डायरेक्ट शिअर मशीन : तीन पावसाळे वापरल्यानंतरचा रिव्ह्यू

मे २०२२ मध्ये आमच्या कराडच्या माती तपासायच्या लॅबसाठी मातीची ताकद मोजायचं हे मशीन घेतलं, ६ बाय ६ सेंटिमीटरचा बॉक्स, मोटार, डिजिटल स्पीड सेटिंग आणि सोबत लॅपटॉपवर चालणारं सॉफ्टवेअर. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण तक्रारीपण लिहायच्यात, आणि तसंही या टाइपची मशीनं आतून बरीचशी सारखीच असतात, त्यामुळे दुसऱ्या कुणाचं घेणार असाल तरी यातलं बरंच उपयोगी पडेल.

आधी आमच्याकडे हाताने फिरवायचं जुनं मशीन होतं. जुलै २०२१ च्या पावसात पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगावला डोंगर खाली आले, घाटाखाली महाडकडे तळीये गेलं, आणि त्यानंतर घरामागचा डोंगर कापलेले लोक स्वतःहून मातीचे डबे घेऊन लॅबमध्ये यायला लागले. तोपर्यंत आमची बहुतेक कामं फाउंडेशनची, ठेकेदार किंवा आरसीसीवाले पाठवायचे ती. घरमालक स्वतः येतो आणि विचारतो की साहेब हे उभं राहील का, तेव्हा हाताने हँडल फिरवून काढलेल्या आकड्यावर सही करायला मला नको वाटायला लागलं. म्हणून मोटारवालं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. माती फुटते ती एका थरावर दुसरा थर सरकून. ती सरकायला किती विरोध करते ती तिची शिअर स्ट्रेंथ, आणि त्यात दोन भाग येतात, एक मातीचा स्वतःचा चिकटपणा म्हणजे सी आणि दुसरा कणाकणांतल्या घर्षणाचा कोन म्हणजे फाय. ही मांडणी कूलाँबची, विजेमुळे ज्याचं नाव शाळेत शिकतो तोच. तो फ्रेंच लष्करातला इंजिनिअर, मार्टिनिक बेटावर किल्ल्याचं काम करून परत आला आणि १७७३ ला पॅरिसच्या अकादमीपुढे त्याने हे वाचलं. अडीचशे वर्षं झाली, आपण अजून तीच रेघ काढतोय.

मशीनमध्ये काय होतं तर पितळी बॉक्स दोन भागांचा, वरचा आणि खालचा, आत २५ मिलिमीटर जाडीची मातीची वडी. वरून वजन ठेवायचं, खालचा भाग मोटार हळूहळू ढकलते, वरचा भाग प्रोव्हिंग रिंगला टेकलेला असतो आणि रिंग किती दबली त्यावरून जोर कळतो. अशा कमीत कमी तीन वड्या, तीन वेगवेगळ्या वजनांखाली, नेहमीच्या कामाला ५०, १०० आणि १५० किलोपास्कल. ग्राफवर तीन बिंदू, एक रेघ, शून्य दाबाला रेघ जिथे येते तो सी आणि रेघेचा चढ म्हणजे फाय. आयएस २७२० या भारतीय मानकाच्या भाग १३ मध्ये सगळं दिलंय.

आता मशीनबद्दल. बांधणी दणकट आहे, फ्रेम हलत नाही, आवाज अगदी कमी. लिव्हर १ ला ५ ची, म्हणजे पॅनमध्ये ३.६ किलो ठेवले की वडीवर १८ किलो येतात आणि ३६ चौरस सेंटिमीटरला ते बरोब्बर अर्धा किलो प्रति चौरस सेंटिमीटर होतं, म्हणजे साधारण ५० किलोपास्कल. पण यामुळेच वजनं तंतोतंत पाहिजेत, कारण पॅनमधली चूक वडीवर पाचपट होते. माझ्याकडे आलेल्या सेटमधलं एक ५ किलोचं वजन मला हातातच हलकं वाटलं, खाली किराणा दुकानात काट्यावर टाकलं तर ४ किलो ८१० ग्रॅम भरलं. दुकानदार पण बघत राहिला. कंपनीला फोटो पाठवले, बदलून दिलं, पण महिना गेला. मशीन आलं की पहिल्या दिवशी सगळी वजनं काट्यावर टाका, सीलबंद असली तरी.

दुसरी गोष्ट, रिकामी चाल. बॉक्समध्ये माती न घालता मशीन चालवा आणि रिंगवरचं रीडिंग बघा. काटा जवळजवळ हलायलाच नको. नवीन असताना नव्हता हलत. पहिल्या पावसाळ्यानंतर मात्र ३-४ डिव्हिजन जायला लागला, कारण बॉक्स ज्या पाण्याच्या ट्रेमध्ये बसतो तो ट्रे बॉल बेअरिंगवर सरकतो आणि त्या खाचेत गंज धरला होता. हे घर्षण मातीच्या नावावर जमा होतं, म्हणजे माती आहे त्यापेक्षा ताकदवान दिसते, आणि हलक्या वजनाच्या टेस्टला त्याचा फरक जास्त पडतो. आता दर सोमवारी लॅबमधला मुलगा खाच पुसून मशीन ऑइलचा हात फिरवतो, रिकामी चाल घेतो आणि रजिस्टरमध्ये आकडा लिहितो. खाच स्टेनलेसची द्यायला काय हरकत होती, एवढ्या किमतीच्या मशीनला.

सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे स्पीड, आणि खरं तर मशीन घ्यायचं ते यासाठीच. १.२५ मिलिमीटर प्रति मिनिटापासून खाली ०.००२ पर्यंत जातं. वाळू असेल तर १.२५ चालतं, पाणी चटकन निघून जातं, १२ मिलिमीटर सरकायला दहा मिनिटंपण लागत नाहीत. पण चिकणमाती भिजवून लावली आणि तिला असं पळवलं तर आतल्या पाण्याला बाहेर पडायला वेळ मिळत नाही, दाब पाण्यावर येतो, आणि जो आकडा येतो तो ना धड निचरा झालेल्या मातीचा ना धड न झालेल्या. नियम असा की वजन ठेवल्यावर वडी एकूण जेवढी दबून बसते त्यातली निम्मी बसायला जेवढा वेळ लागला त्याच्या पन्नासपट वेळ तिला फुटायला द्यायचा. निम्मी बसायला ८ मिनिटं लागली तर ४०० मिनिटं, म्हणजे पावणेसात तास, आणि ती साधारण ५ मिलिमीटरवर फुटणार असं धरलं तर स्पीड ०.०१२५. हाताने हँडल फिरवून कोण पावणेसात तास हा स्पीड धरणार सांगा. जुन्या मशीनवर चिकट मातीचे आम्ही जे रिपोर्ट दिले त्यातले काही आठवले की आजही अस्वस्थ व्हायला होतं.

याचं एक उदाहरण सांगतो म्हणजे मी एवढं का लिहितोय ते कळेल. मागच्या वर्षी एप्रिलमध्ये चिपळूणकडचे एक काका आले, घरामागे डोंगर कापलेला, पाच मीटर उभा, लाल माती, वर जांभा. भिंत बांधायची की नको एवढंच विचारायचं होतं. माती आणली होती ती चांगली आणली होती, कोअर कटर म्हणजे लोखंडी नळी जमिनीत ठोकून, मेण लावून, पण उन्हाळ्यातली, खडखडीत. तशीच कापून लावली तर सी ४२ किलोपास्कल, फाय ३६. हे आकडे घेऊन उभा काप किती टिकेल याचं साधं गणित केलं तर कागदावर १९ मीटर येतात! काका खूश, म्हणाले मग भिंत कशाला. मी म्हटलं काका दोन दिवस थांबा, जुलै आणू मशीनमध्ये. दुसऱ्या कटरमधल्या वड्या ट्रेमध्ये पाणी भरून रात्रभर भिजवल्या, वजनाखाली बसू दिल्या, आणि संथ स्पीडला लावल्या. सी आला ८, फाय २९. तेच गणित आता ३ मीटरच्या आतच थांबतं. काप पाच मीटर आणि खाली स्वयंपाकघर.

माती तीच, खड्डा तोच. कोरड्या लाल मातीचा चिकटपणा बऱ्याच अंशी सुकल्यामुळे आलेला असतो, भिजली की तो जातो. भिजलेली वडी बॉक्समधून काढली तेव्हा मधोमध सरकलेली पातळी दिसत होती, बोट फिरवलं तर साबणासारखी गुळगुळीत, काकांना ती हातात दिली, त्यांनी पण बोट फिरवलं आणि मग काही बोललेच नाहीत. भिंत झाली, मागे दगडांचा फिल्टर आणि पाणी जायला पाइप, पावसाच्या आधी.

म्हणून कुणी मला म्हटलं की एका दिवसात रिपोर्ट द्या तर मी आता सरळ सांगतो, वाळूचा देतो, चाळलेल्या मुरूमाचा देतो, डोंगराच्या भिजवलेल्या मातीचा नाही देणार.

आता सॉफ्टवेअर, जिथे मी नाराज आहे. ग्राफ छान काढतं, रंगीत, रिपोर्टला शोभतो, पण दोन गोष्टी डोळे उघडे ठेवून बघाव्या लागतात. एक म्हणजे एरिया करेक्शन. वरचा भाग खालच्यावरून सरकला की एकमेकांवर असलेलं क्षेत्रफळ कमी होतं, ६ मिलिमीटर सरकल्यावर ३६ चे ३२.४ चौरस सेंटिमीटर राहतात. माझ्याकडे आलेलं सॉफ्टवेअर हे करेक्शन फक्त शिअरला लावत होतं, वरच्या दाबाला नाही. त्यामुळे ३० चा फाय ३२.७ दिसत होता. मी हाताने वहीत काढलेला आकडा जुळेना म्हणून सापडलं, तीन संध्याकाळी गेल्या त्यात. फोन केला तर समोरचा म्हणे सर असंच सगळीकडे चालतं, कुणी तक्रार केली नाही. नंतर अपडेट पाठवला त्यांनी, पण ज्यांनी हाताने पडताळून बघितलंच नाही त्यांच्या रिपोर्टचं काय?

दुसरं म्हणजे रेघ. सॉफ्टवेअर तीन बिंदूंतून आपोआप रेघ काढून सी छापून मोकळं होतं. धुतलेल्या कोरड्या वाळूला ३६, ६६, ९५ किलोपास्कल असे आकडे आले होते तर त्याने सी ७ छापला. कोरडी वाळू मुठीत धरा, उघडा, राहते का काही? तिला सी नसतोच. घट्ट वाळूत कमी दाबाला कण एकमेकांवर चढून सरकतात म्हणून सुरुवातीचे बिंदू थोडे वर येतात, त्यातून तो ७ दिसतो. रेघ शून्यातून काढली की फाय ३३ येतो आणि सी शून्य. भिंतीचं डिझाइन करणाऱ्याने तो ७ धरला तर मातीचा रेटा आहे त्यापेक्षा कमी दिसणार. सी किती घ्यायचा हे ठरवणाऱ्या माणसाने वाळू हातात घेतलेली असली पाहिजे, त्यामुळे मी सॉफ्टवेअरचा रिपोर्ट कधीच तसाच पाठवत नाही.

मुरूमवाल्यांसाठी एक सूचना. या छोट्या बॉक्समध्ये ४.७५ मिलिमीटरपेक्षा मोठा खडा चालत नाही. आपल्याकडचा भरावाचा मुरूम म्हणजे अर्धा खडाच, तो चाळून बारीक तेवढा लावला तर तो साइटवरचा मुरूम राहिलाच नाही. त्यासाठी ३० बाय ३० सेंटिमीटरचा मोठा बॉक्स लागतो, आयएस २७२० भाग ३९, तो माझ्याकडे नाही आणि मी ते तोंडावर सांगतो. चाळलेल्याचा रिपोर्ट देताना 'चाळलेला' असं ठळक लिहितो. फरक किती पडतो बघा, फाय ३४ धरला तर भिंतीवरचा रेटा दर्शवणारा गुणांक ०.२८३, फाय २८ धरला तर ०.३६१, सरळ सव्वापट!

काळ्या मातीला पण हे मशीन माझी पहिली पसंती नाही. बॉक्स मातीला सांगतो की तू इथेच आडवी फूट, माती स्वतःची कमजोर जागा निवडू शकत नाही, आणि आतल्या पाण्याचा दाब मोजायची काही सोय नाही. कॉलम घाईने चढवायचे असतील आणि खाली भिजलेली काळी माती असेल तर ३८ मिलिमीटर व्यासाच्या नळकांड्या काढून ट्रायॅक्सियल टेस्ट, म्हणजे चहूबाजूंनी दाब देऊन वरून दाबायची ती, करून घ्या.

सर्व्हिस सरासरी. दुसऱ्या वर्षी मोटारचं कार्ड गेलं, माणूस यायला १९ दिवस. आला तो पोरगा मात्र हुशार, जाताना रिंगचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट कुठलं बघायचं तेही समजावून गेला. लाइट गेली की टेस्ट जागेवर थांबते आणि सहा तासांची वडी फुकट जाते, त्यामुळे इन्व्हर्टर धरूनच बजेट करा, आम्ही तिसऱ्या वडीनंतर घेतला.

नवीन मुलं कामाला असतील तर मशीनवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, आधी बॉक्सचे दोन भाग जोडून ठेवणाऱ्या दोन्ही पिना काढा, मग स्क्रूने वरचा बॉक्स मिलिमीटरभर उचला, मग चालू. आमच्याकडे एकदा पिन राहिली, माती बाजूलाच राहिली आणि पितळ मोजलं गेलं, काटा एकदम टोकाला. पिन वाकली, बॉक्सचं भोक ओवल झालं, नवीन बॉक्स घ्यावा लागला.

पाचपैकी साडेतीन. मशीनला चार दिले असते, सॉफ्टवेअरने अर्धा घालवला. ऑर्डर देताना पर्चेस ऑर्डरमध्येच लिहून घ्या : ०.००२ चा स्पीड लोडखाली चालवून दाखवायचा, सॅम्पल कटर दोन द्यायचे, पोरस स्टोनची (वडीच्या वर-खाली ठेवायचे, पाणी जाऊ देणारे दगड) जादा जोडी द्यायची, आणि प्रोव्हिंग रिंग किंवा लोड सेलचं कॅलिब्रेशन एनएबीएल मान्यताप्राप्त लॅबचंच पाहिजे. आणि पेमेंटचा शेवटचा हप्ता रिकामी चाल बघितल्यावर.