एमजीबी: एसयूची जुनी जोडी सांभाळायची की वेबर बसवायचा?

जुनी एमजीबी, म्हणजे ती ब्रिटिश स्पोर्ट्‌स कार, पुन्हा रस्त्यावर आणणाऱ्याला खान्देशात पहिल्याच उन्हाळ्यात हा प्रश्न पडतो. सकाळच्या गारव्यात गाडी झकास पळते. दुपारी जळगावात सावली नसलेल्या जागी थोडा वेळ उभी राहिली, की पुन्हा सुरू व्हायला नाक मुरडते आणि सुरू झालीच तर झटके मारत चालते. गॅरेजात ऐकायला मिळतं, "गरम व्हयनी का बंद पडस," आणि पाठोपाठ सल्ला येतो: ही दोन कार्बोरेटरची भानगड काढा, एकच वेबर लावा. गाडीतली जोडी एसयू बनावटीची, वेबर ही दुसरी बनावट; काम दोघांचं एकच, पेट्रोल हवेत मिसळून इंजिनाला देणं.

माझं मत आधीच सांगतो. इंजिन मूळ 1798 सीसीचं असेल, कॅम (झडपा उघडणारा दांडा) आणि हेडला (सिलिंडरवरच्या भागाला) कोणी हात लावलेला नसेल, तर एसयूच ठेवा.

एसयूमध्ये हवेची वाट इंजिनाच्या ओढीप्रमाणे लहानमोठी होते. कार्बोरेटरमधला पिस्टन वर उचलला जातो, त्याच्यासोबत निमुळती नीडल जेटमधून, म्हणजे पेट्रोलच्या भोकातून, वर सरकते आणि पेट्रोल वाढतं. आयडलिंगपासून पूर्ण वेगापर्यंत तेच एक जेट आणि तीच एक नीडल. वेबरच्या 45 डीसीओई मॉडेलची रचना निराळी. तिथे हवेचा घसा ठरलेल्या मापाचा असतो आणि आयडल जेट, मेन जेट, एअर करेक्टर, इमल्शन ट्यूब, अ‍ॅक्सिलरेटर पंप यांची कामं वाटून दिलेली असतात. प्रत्येक टप्पा हवा तसा बसवता येतो, हे वेबरचं खरं बळ. पण त्यासाठी प्रत्येक मापाचं जेट हाताशी हवं. मेन जेटवर 145 लिहिलं असेल तर भोक 1.45 मिलिमीटरचं, 150 हवं असेल तर ते मागवायचं आणि येईपर्यंत गाडी उभी. धुळ्यात किंवा नंदुरबारला बसून हे करणं म्हणजे कुरिअरवाल्याच्या वाटेकडे डोळे लावणं. एसयूचं मिश्रण मात्र पान्याने रस्त्याच्या कडेलाही बदलता येतं.

आता उन्हाचं बघू. एमजीबीत इनटेक आणि एक्झॉस्ट इंजिनाच्या एकाच बाजूला आहेत, त्यामुळे कार्बोरेटर तापलेल्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या) डोक्यावरच बसतात. भुसावळसारख्या गावात पारा 45 अंशांकडे जातो, तेव्हा गाडी बंद केल्यावर फ्लोट चेंबरमधलं पेट्रोल उकळायला लागतं. वेबर लावला तरी तो त्याच भट्टीवर बसणार. म्हणून गरमीसाठी वेबर हा इलाज नाही. कार्बोरेटरमागचा हीट शील्ड जागेवर आहे का आणि मधले उष्णतारोधक ठोकळे शाबूत आहेत का, ते आधी पाहा. कित्येक गाड्यांत हा पत्रा कुठल्यातरी दुरुस्तीत काढलेला असतो आणि परत बसवलेलाच नसतो.

पेट्रोलही आता पूर्वीचं राहिलेलं नाही. निव्वळ पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने 14.7 पट हवा लागते. 20 टक्के इथेनॉलच्या मिश्रणाला साधारण 13.5 पट. म्हणजे जुन्या सेटिंगवर गाडी लीन, म्हणजे कमी पेट्रोलावर, चालते आणि लीन गाडी आणखी तापते. एसयूच्या जेटखालचा नट थोडा खाली उतरवला की बरंचसं भागतं. वरच्या वेगात तरी कमी पडलं तर रिच, म्हणजे जास्त पेट्रोल सोडणारी, नीडल मागवावी लागते. वेबरला आयडल आणि मेन दोन्ही जेट बदलावी लागतात. रबरी नळ्या आणि सील मात्र दोघांनाही इथेनॉल सोसणारेच घाला. यात काटकसर करू नका, गरम एक्झॉस्टवर पेट्रोल ठिबकणं हा जिवाशी खेळ आहे.

वेबर कोणी घ्यावा? ज्याने कॅम बदलला, हेडचं काम केलं आणि ज्याला इंजिन वरच्या आरपीएमला खेळवायचं आहे, त्याने बिनधास्त घ्यावा. दोन कार्बोरेटर जुळवायचा कंटाळा असणाऱ्यांसाठी 32/36 डाऊनड्राफ्ट (वरून हवा घेणारा) एकच वेबर आहे. सोपा आहे, पण वरच्या वेगातला दम कमी होतो. स्पोर्ट्‌स कारमधून नेमकं तेच काढून घेणं मला पटत नाही.

एसयू ठेवणार असाल तर क्रम पाळा. टॅपेटची फट 15 थाऊ (इंचाचे हजारावे भाग), ठिणगीच्या पॉइंटची फट 15 थाऊ, मग ठिणगीचं टायमिंग. हे झाल्याशिवाय कार्बोरेटरला हात लावू नये. निम्मी दुखणी इथेच निघतात. नंतर आयडलिंगवर थ्रॉटल स्पिंडलच्या (हवेची झडप फिरवणाऱ्या दांडीच्या) टोकांशी थंड इंजिनावर क्लीनरचा अगदी हलका फवारा द्या. आरपीएम बदलला तर तिथून हवा शिरते, आणि मग कितीही ट्यूनिंग केलं तरी टिकणार नाही. बॉडी लेथवाल्याकडे नेऊन बुश बसवून घ्या, पण दोन्ही बाजू एका रेषेत रीम करायला सांगा. कार्बोरेटरचा पिस्टन आणि त्याची टोपी ही जुळलेली जोडी असते. एकाची दुसऱ्याला लावू नका आणि पॉलिश पेपर तर मुळीच नको.

एसयूच्या जुन्या एचएस-4 मॉडेलमध्ये जेट पुलाच्या (पिस्टनखालच्या उंचवट्याच्या) पातळीला आणा आणि तिथून नट 12 पैलू (नटाच्या सहा कडांपैकी एकेक), म्हणजे दोन फेरे, खाली उतरवा. इंजिन गरम करून रबरी नळीचं एक टोक कानाशी आणि दुसरं एकदा या कार्बोरेटरच्या, एकदा त्या कार्बोरेटरच्या तोंडाशी धरा. दोन्हीकडे सुसकारा सारखा येईपर्यंत थ्रॉटलचे स्क्रू जुळवा. मग पिस्टन जेमतेम मिलिमीटरभर उचला. आरपीएम वाढून वाढलेलाच राहिला तर मिश्रण रिच, इंजिन बसायला लागलं तर लीन, किंचित वाढून सावरलं तर बरोबर. एका वेळी एकच पैलू फिरवा. सत्तरच्या दशकातल्या एचआयएफ-4 मध्ये नटऐवजी बाजूला स्क्रू असतो, आणि इंधनाच्या तापमानाप्रमाणे जेट हलवणारी द्विधातू पट्टीही असते. आपल्या उन्हात ती फार कामाची. तुमच्याकडे ती जोडी असेल तर विकायचा विचारही करू नका.

एसयूच्या डॅम्परमध्ये (पिस्टनची उडी मंद करणाऱ्या भागात) 20 ग्रेडचं तेल घाला आणि एप्रिल-मेमध्ये पातळी वारंवार बघा. तेल उतरलं की पाय दाबताच गाडी क्षणभर अडखळते, आणि लोक उगाच जेटला दोष देतात.