शहागंजच्या जिल्दसाज (पुस्तकं-वह्या बांधणाऱ्या) चाचांकडून सरांच्या वह्या बांधून घेतल्या, त्याबद्दल

नऊ वह्या, सात आठवडे आणि साडेसात हजार रुपये. काम मनासारखं झालं. ज्यांच्या घरी जुन्या हातानं लिहिलेल्या वह्या, प्रयोगाच्या नोंदी, जमिनीची कागदं पडून असतील त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितोय. मला विचारायला कुणी नव्हतं, आणि त्यापायी एक वही मी स्वतःच्या हातानं खराब करून बसलो.

मी अंबाजोगाईचा. १९७५ साली एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर म्हणून लागलो आणि २०१२ ला सहायक म्हणून रिटायर झालो. या वह्या आमच्या सरांच्या. सर आता नाहीत. प्रयोगशाळा नव्या इमारतीत हलवली तेव्हा जुन्या कपाटांतलं सगळं किलोच्या भावानं रद्दीत काढलं गेलं. काट्यावर चढलेल्या गठ्ठ्यातून मी दहा वह्या ओढून काढल्या. बाकीचं गेलं. अजूनही ते आठवलं की जेवण गोड लागत नाही.

त्या वह्यांत काय आहे ते सांगितल्याशिवाय दुकानाचं काम कळायचं नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर आपल्याकडं बोअर मारायचा सपाटा लागला. सरांचं गाव किनवटकडचं. तिकडं पोराटोरांच्या दातांवर तपकिरी पट्टे दिसत. कारण बोअरच्या पाण्यातलं फ्लोराइड. ते लिटरला १ मिलिग्रॅमच्या आत असावं, दुसरं पाणीच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात, त्याच्या वर दात आणि पुढं हाडं धरतात. सरांना ते मोजायचं होतं आणि कॉलेजकडं कलरीमीटर, म्हणजे द्रावणाचा रंग किती गडद ते मोजणारं यंत्र, नव्हता. मग सरांनी तो बनवला.

फोटो स्टुडिओवाल्याच्या मोडक्या लाइट मीटरमधला, उजेड पडला की वीज देणारा सेलेनियमचा सेल, ती बारीकशी वीज मोजायला रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून आणलेला मायक्रोअ‍ॅमीटर, मोटारसायकलचा ६ व्होल्टचा दिवा. विजेचा दाब सारखा वरखाली व्हायचा, काटा थरथरायचा, म्हणून दिवा बॅटरीवर घेतला. हिरव्या काचेची फिल्टर मिळेना, तर एका चपट्या बाटलीत मोरचूद आणि पोटॅशियम डायक्रोमेटचं पातळ द्रावण भरलं. मोरचूद तांबडा उजेड अडवतं, डायक्रोमेट निळा, मधला हिरवा तेवढा पुढं जातो. झिर्कोनियम आणि अ‍ॅलिझरिनचा तांबूस रंग फ्लोराइड पडलं की फिका होत जातो, म्हणजे फ्लोराइड जितकं जास्त तितका काटा वर. हे सगळं वहीत आहे, चुकलेल्या प्रयत्नांसकट. पहिली पेटी पुठ्ठ्याची होती, तिच्यात बाहेरचा उजेड शिरायचा. दुसरी पत्र्याची, आतून काजळीनं काळी केलेली. प्रत्येक वेळी सरांनी आकृती नव्यानं काढली आहे आणि जुनीवर काट मारून कारण लिहिलं आहे.

सर प्रत्येक नोंदीला क्रमांक द्यायचे. पहिल्या वहीच्या १ पासून शेवटच्या वहीतल्या ११८६ पर्यंत सलग. ही सवय त्यांनी मायकेल फॅराडे या इंग्रज शास्त्रज्ञाची उचलली होती. फॅराडेच्या रोजनिशीत असे क्रमांक १६०४१ पर्यंत जातात, हे सर नव्या बॅचला हमखास सांगायचे. आणि मला बाजूला घेऊन हेही सांगायचे, की फॅराडे आधी लंडनमध्ये सात वर्षं पुस्तकबांधणीचं काम शिकला, रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीच्या व्याख्यानांची टिपणं त्यानं स्वतः बांधून डेव्हीला पाठवली, आणि १८१३ साली डेव्हीच्या रॉयल इन्स्टिट्यूशन या संस्थेत लागला तो प्रयोगशाळेतला मदतनीस म्हणून. परिचराच्या नोकरीत नवा असलेल्या पोराला ते ऐकून किती बळ आलं असेल, ते ज्यानं बाटल्या धुतल्या त्यालाच कळेल.

आता खराब केलेल्या वहीबद्दल. पानं तुटायला लागली म्हणून मी एका झेरॉक्सवाल्याकडं दहावी वही लॅमिनेट करून घेतली. गरम रोलर, वरून-खालून प्लास्टिक. सहा महिन्यांत प्लास्टिकच्या आत पानं पिवळी पडली, दोन ठिकाणी बुडबुडे आले, आणि आता ते प्लास्टिक कागद फाडल्याशिवाय निघत नाही. कुणीही हे करू नका. चिकटपट्टीही लावू नका. चार-पाच वर्षांत तिचा डिंक कागदात उतरतो आणि तपकिरी पट्टा कायमचा राहतो.

त्यानंतर शहागंजच्या चाचांचं नाव मला एका निवृत्त ग्रंथपालांनी सांगितलं. संभाजीनगरला शहागंजच्या घड्याळाच्या टॉवरजवळ कुणालाही जिल्दसाज चाचा कुठं बसतात म्हणून विचारा. दुकानाला पाटी नाही. आत वह्या दाबून धरायचा एक लाकडी शिकंजा, एक कटिंग मशीन, खळीचं पातेलं, आणि कुराणाच्या प्रती, कोर्टाच्या फायली, शाळेचे दाखला-रजिस्टर असे गठ्ठे.

मी वह्या पुढं ठेवल्या. चाचांनी भाव सांगितला नाही. आधी हात धुवून पुसले आणि एक-एक पान उलटत पाऊण तास नुसतं बघितलं. मग विचारलं, "भाऊ, ये काले-पीले दाग निकालने के हैं क्या, के रहने के हैं?"

या एका प्रश्नासाठी मी त्यांना पैकीच्या पैकी गुण देतो. याआधी ज्या-ज्या बाइंडरला विचारलं तो म्हणाला होता, एकदम स्वच्छ करून देतो. प्रयोगाच्या वहीवरचा डाग म्हणजे नोंदच असते. मी चाचांना एकेक डाग वाचून दाखवला. हा तपकिरी पोटॅशियम परमँगनेटचा. ऑक्झॅलिक आम्लानं जाईल, पण ते आम्ल कागदाला खाईल. ही भोकं सल्फ्युरिक आम्लाच्या थेंबांची. थेंब पातळ असला तरी वाळताना तीव्र होत जातो आणि कागद जाळतो. नोंद ३१२ शेजारी "आयोडीन सांडले" असं लिहिलंय आणि तिथं डागच नाही, कारण आयोडीन हवेत उडून गेलं. आणि नोंद ४०७ च्या कडेला हा काळा ठसा सिल्व्हर नायट्रेटचा. पाण्यातलं क्लोराइड थेंबाथेंबानं मोजणं (अनुमापन) चाललं होतं, नवा परिचर ब्यूरेट, म्हणजे त्यासाठीची खुणांची काचनळी, भरताना हात ओला करून बसला आणि त्याच हातानं सरांची वही सरकवली. उजेड लागला तसा ठसा काळा पडला. अंगठ्याची वळणं अजून मोजता येतात.

चाचांनी माझा उजवा हात धरला, अंगठा त्या ठशाशेजारी ठेवून बघितला आणि म्हणाले, "इसको हाथ नक्को लगाते." त्यांनी खरंच लावला नाही.

कामाची पद्धत सांगतो. वह्या पिना मारलेल्या होत्या, पिना गंजून कागद खात होत्या. त्या पातळ सुरीनं एकेक करून काढल्या. मग शाईची परीक्षा. कोपऱ्यातल्या एका पूर्णविरामावर ओल्या कापसाचं टोक टेकवायचं आणि टिपकागद दाबायचा. तांबडी शाई लगेच उतरली. रॉयल ब्लू निम्मी उतरली. निळी-काळी जागची हलली नाही. ती हिराकस आणि टॅनिनची शाई, कागदात मुरते, पण आम्लयुक्त असते आणि ठळक रेघांखाली कागद भाजल्यासारखा होतो. त्यात कागदही गिरणीचा, तुरटी आणि राळ घातलेला, म्हणजे तोही आम्लधर्मी. मी घरी पीएच पेपर लावून बघितला होता, साडेचारच्या आसपास आला, म्हणजे चांगलाच आम्ल.

चाचांकडं यावर चुन्याची निवळी आहे. कळीचा चुना पाण्यात विरवून वरचं नितळ पाणी घ्यायचं, त्यात पान बुडवून वाळवायचं. आम्ल मरतं आणि उरलेल्या चुन्याचा हवेत खडू होऊन तो कागदात राहतो, पुढचं आम्लही धरतो. पण रॉयल ब्लू शाई अल्कलीत फिकी पडते, म्हणून शाईच्या पानांना त्यांनी निवळी लावलीच नाही. फक्त पेन्सिलनं काढलेल्या आकृत्यांची सुटी पानं बुडवली. शिसपेन्सिलला ना पाण्याचं भय ना चुन्याचं.

फाटलेल्या पानांना जपानी टिश्यू, म्हणजे पातळ पण चिवट कागद, खळ गव्हाच्या चिकाची. आपल्या आया-बहिणी कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजवून, वाटून, गाळून जो चीक काढतात, तोच. चाचींनी घरी काढलेला. मैद्याच्या खळीपेक्षा ही पांढरी राहते आणि गरज पडली तर पाण्यानं सुटते.

इथं आमचा एक वाद झाला. किडीसाठी चाचा खळीत मोरचूद घालतात, त्यांच्या वडिलांपासूनची रीत. मी म्हणालो पुठ्ठ्याला घाला, पानांना नको, कारण तांबं कागदाचं तुटणं वाढवतं. ते बराच वेळ गप्प राहिले. दुसऱ्या फेरीला गेलो तर दोन पातेली होती, एक निळसर, एक पांढरं. वाद घालायला गेलात तर कारण सांगा, ते ऐकतात.

शिलाई जुजांची घेतली. जुज म्हणजे मधे घडी घातलेल्या पानांचा छोटा गठ्ठा, प्रत्येक जुज त्या घडीतून शिवायची. मेण लावलेला सुती दोरा. कुठंही द्या, पण साइड शिलाई, म्हणजे सगळी पानं कडेनं एकत्र टोचून घातलेली, घेऊ नका. वही पूर्ण उघडत नाही आणि आतल्या समासातलं लिखाण गडप होतं. कडाही मशीनवर कापू दिल्या नाहीत, कारण सरांची निम्मी लॉगची (लॉगॅरिदमची) आकडेमोड कडेलाच आहे. अस्तराला दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचा हातकागद. जाड, थोडा खरखरीत, बोटाला कापडासारखा लागतो.

तक्रारी आहेत, त्याही लिहितो. तीन आठवडे सांगून सात लावले. टिश्यू बाहेरून येतो आणि संपला की काम थांबतं, पण फोन करून कळवत नाहीत, त्यामुळं माझी अंबाजोगाई ते संभाजीनगर एसटीची एक चक्कर फुकट गेली. पावती देत नाहीत. पाचव्या वहीत दोन जुजं उलटसुलट शिवली होती. नोंद ६५० नंतर थेट ६८१ आली म्हणून माझ्या लक्षात आलं. क्रमांक नसते तर कुणालाच कळलं नसतं. चाचांनी ती वही माझ्यासमोर उसवली आणि त्याच दिवशी परत शिवली, पैसे घेतले नाहीत. त्याच क्रमांकांमुळं सत्तर-एक सुटी पानंही आपापल्या जागी गेली. स्कॅनिंग ते करत नाहीत. बांधायच्या आधीच भाच्याकडून वरून कॅमेऱ्यानं फोटो काढून घेतले होते, वही काचेवर पालथी दाबायची नाही.

हिशेब: बांधणी एका वहीची ६०० रुपये, नऊच्या ५४००. टिश्यूची दुरुस्ती पानाला १५ रुपये, १४० पानांचे २१००. तीन हजार आगाऊ दिले, बाकी काम बघून. आपल्याकडं साध्या रजिस्टरची बांधणी यापेक्षा बरीच स्वस्त होते, पण ती आणि ही बांधणी एक नव्हे.

लॅमिनेट केलेली दहावी वही मी त्यांना दाखवली. त्यांनी एक कोपरा बोटानं चाचपला आणि मान हलवली. ती तशीच आहे, फोटो तेवढे काढले.

जायचं असेल तर शुक्रवारी दुपारी जाऊ नका, दुकान बंद असतं. वह्या प्लास्टिकच्या पिशवीत नेऊ नका, आत घाम धरतो. धुतलेल्या सुती धोतरात किंवा चादरीत बांधून न्या. आणि न्यायच्या आधी एक दिवस बसून, कुठला डाग ठेवायचा ते पेन्सिलनं वेगळ्या कागदावर लिहून काढा. चाचा विचारणार आहेत.