घाटकोपर-वर्सोवा मेट्रो: गाडीला साडेचार तारे, कराराला दोन

राहतो ठाण्याला, नोकरी चकाल्याला. पूर्वी घाटकोपरला उतरून ३४० नंबरची बस धरायचो. असल्फा-साकीनाका पट्ट्यात ती अशी रुतायची की उभ्यानं अख्खा पेपर वाचून व्हायचा, कोड्यासकट. ८ जून २०१४ ला मेट्रो सुरू झाली आणि तो पेपर बंद पडला. ११.४ किलोमीटर, १२ स्टेशनं, २१ मिनिटं. माझं चकाला त्याच्याही आधी येतं.

गाडी झकास. एसी गार, डबे स्वच्छ. असल्फाच्या डोंगरावरची रंगीत घरं बघेपर्यंत साकीनाका येतंही. डबे मात्र चारच, त्यामुळे संध्याकाळी घाटकोपरकडे येताना जेवणाचा डबा पोटाशी धरून उभं राहायचं. अर्धा तारा तिथे कापला.

आता करार. मी हिशेबाचा माणूस, म्हणून खोदून वाचलं. मुंबईतली ही पहिली मेट्रो, तीही सरकारी-खाजगी भागीदारीतली. त्यासाठी काढलेल्या कंपनीत सुरुवातीला रिलायन्स इन्फ्राचा वाटा ६९ टक्के, एमएमआरडीए या राज्य सरकारच्या प्राधिकरणाचा २६, उरलेले ५ एका परदेशी कंपनीचे. २,३५६ कोटींच्या कामात ६५० कोटी सरकारनं अनुदान म्हणून घातले, म्हणजे तुमच्या-माझ्या खिशातले. बदल्यात भागीदारीतल्या कंपनीनं बांधकामाचा काळ धरून ३५ वर्षं सांभाळायची, तिकीट ९, ११ आणि १३ रुपये. काम लांबलं, खर्च फुगला, किती फुगला यावर दोन्ही भागीदारांचं कधी जमलंच नाही. कंपनी म्हणाली, १० ते ४० घेणार. एमएमआरडीए कोर्टात. एकाच कंपनीतले दोन भागीदार एकमेकांविरुद्ध वकील लावून बसले, आणि ज्याच्या भाड्यावर सगळं चालायचं तो प्रवासी दाराबाहेर. शेवटी १० ते ४० च झालं.

कंपनीचं सगळंच खोटं, असं मी म्हणणार नाही. सहा वर्षांत सिमेंट-लोखंडाचे भाव कुठल्या कुठे जातात. पण मग खर्च वाढला तर तो कुणी सोसायचा, हे आधीच पक्कं लिहायला नको? आमच्या सोसायटीच्या रंगकामाच्या करारात सुद्धा हे कलम आहे!

पहिल्या महिन्यात कुठूनही कुठंही १० रुपये होते. तेव्हा सौ.ला मुद्दाम वर्सोव्याला समुद्रावर नेलं होतं, दोघांचं जाऊन-येऊन ४० रुपयांत. करारातल्या दरानं ५२ झाले असते. गेल्या रविवारी पुन्हा गेलो, १६० लागले. भुट्टे वेगळे.