विमानाचं अंतर सांगणारं ॲप : किमी बरोबर, तास अर्धेच

आत्या लंडनला दादाकडं चाललीय, तिथनं पॅरिसपण करून यायचं म्हणतेय, म्हणून दोन शहरांमधलं विमानाचं अंतर आणि वेळ सांगणारं एक फुकटचं ॲप टाकून घेतलं. नाव देत नाही, असली ॲपं साधारण एकाच साच्यातली असतात. पाचपैकी तीन स्टार.

अंतराला चोख आहे. लंडन-पॅरिस टाकलं की 344 किमी, खाली 214 मैल, आणि नकाशावर या गावापासून त्या गावापर्यंत सरळ हवेतनं एक रेघ. म्हणजे आपल्या बेळगावातनं हायवेनं पुण्याला जाण्याएवढंच की! आत्या म्हणाली, "मग विमान कशाला, एसटी नाही काय?" (बस आहे खरी, पण मधे समुद्र आहे.) नाव टाकताना तेवढं जपा, लंडन लिहिलं की कॅनडातलं लंडनपण येतं आणि एक पॅरिस टेक्सासमधेपण आहे, चुकीचं दाबलं की आकडा हजारांत जातो.

वेळेत मात्र बोंब. ॲप म्हणतंय 56 मिनिटं. अंतराला ताशी 800 नं भागायचं आणि चढायला-उतरायला अर्धा तास मिळवायचा, एवढाच हिशेब दिसतोय. विमान कंपन्यांच्या टाइमटेबलात सव्वा तास, कधी त्याहून जास्तच असतंय, कारण गेटपासून धावपट्टीपर्यंत जाणं, रांगेत थांबणं हे सगळं त्यात धरतात. त्यात दोन तास आधी एअरपोर्टवर, लंडन शेंगेनमधे (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच व्हिसा) नाही म्हणून व्हिसा वेगळा आणि पासपोर्टची रांगपण, आणि पॅरिसचा मोठा एअरपोर्ट गावापासून 25 किमीवर. स्वस्तातली काही विमानं तर बोव्हेला उतरतात, तिकिटावर नाव पॅरिसचं आणि गाव 80 किमी लांब! घरातनं हॉटेलपर्यंत पाच-सहा तास सहज जातात. युरोस्टार ट्रेन लंडनच्या सेंट पँक्रासहनं पॅरिसच्या गार द्यु नोरला साधारण सव्वादोन तासात, दोन्ही स्टेशनं गावातच, फ्रान्सवाले पासपोर्टपण लंडनलाच बघून घेतात. ॲपमधे ट्रेनचं नावच नाही.

लोकल टाइमपण दाखवत नाही. पॅरिस लंडनच्या एक तास पुढं, त्यामुळं तिकिटावर जाताना 10 ला निघून 12:20 ला पोचतंय आणि येताना 5 ला निघून 5:20 लाच पोचतंय. आत्याला वाटलं येतानाचं विमान भारी फास्ट आहे, मग घड्याळ काढून समजवावं लागलं.

लांबच्या प्रवासाला फरक तेवढा खटकत नाही. रोम-पॅरिस 1100 किमी, ॲप दोन तासाला थोडं कमी सांगतंय, खरे दोन-सव्वादोन लागतात, चालतंय की. जाहिराती मात्र डोकं उठवतात, प्रत्येक शोधाला एक. तरी काढून नाही टाकलं, आत्याला रोज नवीन गाव सुचतंय, काल व्हेनिस होतं, आज प्राग विचारतेय.