माशी बांधण्याच्या सामानासाठी परवडणारी बॅग : बेळगावच्या बाजारातली एमआर बॅग

औषध कंपन्यांचे प्रतिनिधी दवाखान्यांच्या फेऱ्या मारताना जी काळी, रुंद तोंडाची आणि उभ्या कप्प्यांची बॅग वापरतात, तीच बॅग फ्लाय टायिंगचे, म्हणजे मासेमारीसाठी नकली माशी बांधण्याचे, सामान नेण्यासाठी आपल्या भागात मिळणाऱ्या सगळ्या पर्यायांत सरस आहे, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. बाजारात तिला सरळ ‘एमआर बॅग’ (एमआर म्हणजे मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह) म्हणतात. बेळगावात खडे बाजार आणि गणपत गल्लीच्या परिसरात ती साधारण ₹ 900 ते ₹ 1,400 या दरम्यान तयार मिळते, आणि मापे दिली तर तीनचारशे रुपये जास्त घेऊन कारागीर ती शिवूनही देतात. मी शिवून घेतलेली बॅग वापरतो, त्यामुळे पुढचे विवेचन मुख्यतः तिच्याविषयी आहे.

गळावर दोरा, पिसे, केस आणि मणी गुंडाळून किड्याची किंवा लहान माशाची नक्कल तयार करणे म्हणजे माशी बांधणे. हे काम घरच्या टेबलावर निवांत होते हे खरे. पण आपल्या जिल्ह्यात पाणी इतके वेगवेगळे आहे की घरून बांधून नेलेल्या माश्या पुरतीलच असे सांगता येत नाही. कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा वरच्या अंगाला खडकाळ आणि स्वच्छ असते, तर घटप्रभेवरच्या हिडकल जलाशयाच्या फुगवट्यात पाणी संथ असते आणि काठाकाठाने चिलापी फिरत असतात. निपाणीकडच्या वेदगंगा-दूधगंगेचे रूप आणखी निराळे. खडस मासा काठावरच्या झाडांची पाण्यात पडलेली फळेही खातो, तेव्हा तिथे किड्याची नक्कल उपयोगाची नसते, फळाच्या आकाराची आणि रंगाची गोळी बांधावी लागते. हा निर्णय काठावरच घ्यावा लागतो, आणि म्हणून सामान सोबत हवे. (भीमगड अभयारण्याच्या हद्दीत मासेमारी करता येत नाही आणि जलाशयांवर परवाना किंवा ठेकेदाराची संमती लागते, हे नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी आधी समजून घ्यावे.)

बॅग निवडताना पहिला विचार व्हाइसचा, म्हणजे बांधताना गळ घट्ट धरून ठेवणाऱ्या शिकंज्याचा, करावा लागतो, कारण बाकीचे सामान हलके आणि लवचिक असते, व्हाइस तसा नसतो. टेबलाच्या कडेला आवळायचा सी-क्लॅम्पचा व्हाइस सुटा केला की एका जाड पाकिटात बसतो. जड बैठकीचा व्हाइस मात्र त्या लोखंडी किंवा पितळी पाटामुळे किलो-दीड किलोपर्यंत जातो आणि बॅगेत सैल राहिला तर प्रत्येक खड्ड्यागणिक बाकीच्या वस्तूंवर आदळतो. नदीकाठी क्लॅम्प आवळायला कड सहसा सापडत नाही, विश्रामगृहातल्या टेबलांच्या कडा बहुधा जाड किंवा गोल असतात, त्यामुळे प्रवासासाठी बैठकीचा व्हाइसच सोयीचा पडतो, असा माझा अनुभव आहे. त्याच्याखालोखाल विचार लांबीचा. कोंबड्याच्या मानेची अख्खी कातडी पिसांसह सपाट ठेवायची झाल्यास दहा इंच तरी जागा लागते आणि मोरपिसाचे तंतू न मुडपता ठेवायला त्याहून थोडी अधिक. म्हणजे आतून चौदा-पंधरा इंच लांबी नसलेली बॅग, ती कितीही देखणी असली तरी, या कामाची नाही.

या दोन कसोट्यांवर बाकीचे पर्याय लवकर बाद होतात. अमेरिकेतल्या फिशपॉन्डसारख्या कंपन्या खास याच कामासाठी बॅगा बनवतात आणि त्या विचारपूर्वक बनवलेल्या असतात, परंतु त्यांच्या किमती शंभर डॉलरच्या पुढे जातात आणि त्यावर टपालखर्च व जकात चढते, त्यामुळे परवडण्याचा प्रश्नच उरत नाही. प्लास्टिकची टूल बॉक्स स्वस्त आहे, पावसात भिजली तरी बिघडत नाही, आणि ज्याचा व्हाइस क्लॅम्पचा आहे व जो गाडीनेच फिरतो त्याला मी ती आजही सुचवीन. पण तिचे झाकण नुसते टेकते, त्यात रबर नसते, आणि तिच्या एकाच खोल पोटात सगळे एकमेकांवर पडते. वधूचा मेकअप करणाऱ्या वापरतात त्या पायऱ्या-पायऱ्यांनी उघडणाऱ्या पेट्या पाहून मोह होतो. त्यांचे खण मात्र बाटल्यांसाठी आखलेले असतात, पिसांसाठी नाही, आणि पातळ ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांना व्हाइसचे वजन सोसत नाही. जुनी कॅमेरा बॅग मिळाली तर फोमचे सरकते पडदे फार उपयोगी पडतात, फक्त लांबी कमी पडते.

एमआर बॅगेचे मर्म तिच्या तोंडात आहे. वरची चेन दोन्ही बाजूंनी पार खालपर्यंत उतरते आणि झाकण मागे पूर्ण उलटते, त्यामुळे आतले सगळे एका नजरेत दिसते व हात घालून चाचपडावे लागत नाही. औषधांचे नमुने, माहितीपत्रके आणि फाइल उभ्या ठेवता याव्यात म्हणून आत मध्यभागी दोन पडदे असतात. त्यांतच छत्तीस कप्प्यांचे प्लास्टिकचे सपाट डबे पुस्तकांसारखे उभे राहतात. हे डबे मोत्यांच्या आणि नकली दागिन्यांच्या सामानाच्या दुकानात मिळतात, अंदाजे अकरा इंच लांब आणि सात इंच रुंद असतात, आणि गळ, पितळी मणी, दोऱ्याची रिळे यांना अगदी योग्य असतात. एक सूचना आवर्जून करतो : उभे ठेवल्यावर कप्प्यांतल्या भिंती आणि झाकण यांच्या फटीतून बारीक मणी आणि चौदा नंबरचे गळ शेजारच्या कप्प्यात सरकतात. झाकणाच्या आतून पातळ फोमचा तुकडा चिकटवला की ते थांबते.

शिवून घेताना नेहमीच्या बॅगेत चार बदल झाले आणि चारही उपयोगी ठरले. तळाशी पाच मिलिमीटर प्लायवुडचा तुकडा दोन अस्तरांच्या मध्ये घालून घेतला, त्यावर व्हाइसचा पाट ठेवून तो वेल्क्रोच्या दोन रुंद पट्ट्यांनी आडवा बांधतो, त्यामुळे जांबोटीच्या रस्त्यालाही तो जागचा हलत नाही. झाकणाच्या आतल्या बाजूला पेनांसाठी असतो तसा इलॅस्टिकचा पट्टा ओळीने टाचून घेतला; त्यात कात्री, बॉबिन (दोऱ्याचे रीळ धरणारे साधन), हॅकल प्लायर (पीस धरायचा चिमटा), व्हिप फिनिशर (शेवटची गाठ मारायचे साधन) आणि बॉडकिन (मुठीची सुई) बसतात. पट्ट्याच्या खालच्या टोकाला रेक्झिनची जाड पट्टी असावी, नाहीतर कात्रीचे आणि बॉडकिनचे टोक अस्तर फाडून बाहेर येते. बाहेरचा खिसा मोठा करून त्यात हातरुमाल, डोक्याला लावायचा दिवा आणि कापलेल्या पिसांचा कचरा टाकायची पिशवी राहील असे पाहिले. चौथा बदल माझा नव्हता. मी चेनविषयी काही बोलण्यापूर्वीच कारागीर म्हणाले, “पाच नंबरची चेन ह्या वजनाला टिकत नाही बघा, आठची घालतो आणि रनर दोन घालतो की.” त्यांचे म्हणणे तंतोतंत खरे निघाले. बॅग गच्च भरलेली असताना कोपऱ्यावर ताण येतो तिथे आठ नंबरची चेन अजून एकदाही फाकलेली नाही, आणि दोन रनर असल्यामुळे नुसती एक बाजू उघडून दोऱ्याचे रीळ काढता येते.

कापडाबाबत माझा आग्रह आहे की बाहेरून मॅटी (बॅगांसाठीचे जाड विणीचे कापड) घ्यावी, रेक्झिन घेऊ नये. रेक्झिन दिसायला चकचकीत असते आणि पाण्याचा थेंब आत येऊ देत नाही, पण उन्हात ठेवलेल्या गाडीत काही उन्हाळे काढले की घड्यांवर तडकते आणि त्याचे पापुद्रे सुटू लागतात. आतून रबराचा लेप असलेली जाड मॅटी तितकी चकचकीत नसते. ती झिजते सावकाश आणि फाटली तर शिवता येते. शिवणीतून पाणी येतेच, म्हणून मुसळधार पावसासाठी वरून घालायचे पॅराशूट कापडाचे आवरण वेगळे ठेवावे लागते.

मात्र या परिसरात बॅगेचा खरा शत्रू पावसाचे पाणी नसून हवेतला ओलावा आहे, आणि इथे कोणतीही बॅग, मग ती हजाराची असो की वीस हजारांची, एकटी पुरी पडत नाही. खानापूरच्या पश्चिमेला पावसाळाभर कपाटातल्या चामड्याला बुरशी धरते, तिथे कापडी बॅगेतल्या पिसांचे काय होत असेल याची कल्पना करावी. कार्बन स्टीलचे गळ तांबूस होतात, हरणाच्या केसांना कुबट वास येतो, आणि मानेच्या कातडीत मीठ राहिले असेल तर ती पुन्हा ओलसर होते. म्हणून बॅगेवर कमी आणि आतल्या डब्यांवर जास्त खर्च करावा, असे मी आग्रहाने सांगतो. स्वयंपाकघरात वापरतो ते चारी बाजूंनी खटके असलेले आणि झाकणात सिलिकॉनची रिंग असलेले डबे यासाठी उत्तम आहेत. चौदा इंच लांबीचा असा एक उथळ डबा पिसांसाठी आणि एक छोटा डबा गळांसाठी घेतला की काम भागते. प्रत्येकात सिलिका जेलची पुडी टाकावी. रंग बदलणारे दाणे घेतले तर निळ्याचे गुलाबी झाल्यावर ओल भरल्याचे समजते, आणि ओव्हनमध्ये सुमारे 120 अंशांवर तास-दोन तास ठेवून ते पुन्हा कोरडे करता येतात. भाजण्यासाठी ते कागदी पुडीतून काढून धातूच्या ताटलीत पसरावेत, आणि ती ताटली पुन्हा जेवणाला वापरू नये.

किडीचे संकट याहून वाईट, कारण ते आतूनच येते. पिसे खाणाऱ्या भुंग्यांच्या आणि कसरीच्या अळ्या एका नव्या कातडीबरोबर आल्या तर पूर्ण डब्याचा भुसा करतात. बाजारातून आणलेल्या गावठी कोंबड्याची मान असो की कोणा मित्राने दिलेले पीस, ते प्लास्टिकच्या बंद पिशवीत घालून दोन आठवडे डीप फ्रीझरमध्ये ठेवल्याशिवाय बॅगेत घेऊ नये. डांबराच्या गोळ्या टाकण्याची आपल्याकडे सवय आहे. त्या पारदर्शक कडक प्लास्टिकच्या काही डब्यांना मऊ करतात आणि त्यांचा वास माशीला लागून राहतो, म्हणून त्या या बॅगेत नकोत.

पिसांचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. आपल्या पश्चिम घाटातल्या रानकोंबड्याच्या मानेवर मेणासारख्या चकचकीत ठिपक्यांची पिसे असतात आणि सामन (सॅल्मन) मासा पकडायच्या जुन्या पद्धतीच्या माश्यांमध्ये त्यांना जगभर मान आहे. तो पक्षी 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो. कोणी कितीही सहज देऊ केली तरी त्याची पिसे या बॅगेत येता कामा नयेत. मोराची आपोआप गळून पडलेली पिसे देशात बाळगायला मुभा आहे, पण ती परदेशी नेता येत नाहीत, हे बाहेर जाणाऱ्यांनी विसरू नये. सांबऱ्याहून, म्हणजे बेळगावच्या विमानतळावरून, विमानाने जाताना कात्री, बॉडकिन आणि गळ यांच्यामुळे ही बॅग हातात न ठेवता चेक-इनच्या सामानातच द्यावी.

लाखेची म्हणजे हेड सिमेंटची बाटली ही या मांडणीतली सर्वांत उपद्रवी वस्तू आहे. उन्हाळ्यात बंद गाडीत तिचे झाकण हटकून पाझरते आणि त्यातले द्रावण फोम व थर्माकोल विरघळवते. होमिओपॅथीच्या गोळ्यांसाठी मिळणाऱ्या काचेच्या लहान बाटलीत थोडेसेच घ्यावे, ती बाटली पुन्हा एका छोट्या स्टीलच्या डबीत ठेवावी आणि डबी बॅगेच्या बाहेरच्या खिशात उभी ठेवावी. आतल्या कप्प्यात ती कधीही नको.

या बॅगेत उणिवा आहेत. भरल्यावर ती पाच किलोच्या घरात जाते, खांद्याचा पट्टा जेमतेम दीड इंच रुंद असतो, आणि अर्ध्या तासापेक्षा जास्त चालायचे असेल तर खांदा दुखतो. नदीपर्यंत पायवाटेने दूर जाणाऱ्याने ही बॅग मुक्कामी ठेवावी आणि सी-क्लॅम्पचा व्हाइस (कड शोधावी लागली तरी तो हलका पडतो), दोन रिळे व एक डबा एवढेच पाठीवरच्या पिशवीत न्यावे. दोन्ही कामे एकाच बॅगेकडून करून घेण्याचा हट्ट धरला तर दोन्ही नीट होत नाहीत. तयार मिळणाऱ्या बॅगांचा काळा रंगही उन्हात तापतो आणि कारागीर दुसऱ्या रंगाची मॅटी ठेवतातच असे नाही. खाकी मिळाली तर ती घ्यावी.

एकूण खर्च पाहायचा तर शिवलेली बॅग, छत्तीस कप्प्यांचे दोन डबे, हवाबंद दोन डबे आणि सिलिका जेल मिळून ₹ 2,500 च्या आत सगळे बसते. शिवायला टाकायची असेल तर मे-जून टाळावेत, कारण त्या दिवसांत सगळे कारागीर शाळेच्या दप्तरांत बुडालेले असतात आणि वेगळ्या मापाच्या कामाला हात लागत नाही. जुलैनंतर जावे, मापे कागदावर लिहून न्यावीत, आणि व्हाइसचा पाट व पिसांचा लांब डबा हे दोन्ही प्रत्यक्ष सोबत नेऊन कारागिरासमोर ठेवावेत, म्हणजे कापड कापण्यापूर्वीच ते आत बसवून पाहता येतात.