जुन्या फियाटच्या दाराची चावी: नवी घडवावी, नवा सेट घ्यावा की आतल्या पत्त्या बदलाव्यात?

जुनी पद्मिनी, म्हणजे आपली फियाटच, घेताना आपण इंजिन बघतो, पत्रा ठोकून बघतो, आरसी बुक दोनदा वाचतो. चाव्या मात्र मालक देईल तशा घेतो. गाडी घरी आली की कळतं, इग्निशनची एक, ड्रायव्हरच्या दाराची दुसरी, डिकीची तिसरी आणि डावीकडच्या दाराची कुणाकडेच नाही. यात आश्चर्य काही नाही. इतक्या वर्षांत कधी हँडल बदललेलं असतं, कधी दुसऱ्या गाडीची डिकी बसवलेली असते, आणि प्रत्येक दुरुस्तीबरोबर एक परकं कुलूप गाडीत येतं.

सर्वात सोपी वाट म्हणजे चावीवाल्याला बोलावून, आहे त्याच कुलपाला नवी चावी घडवून घेणं. जाणता कारागीर कोरी चावी आत घालून फिरवायला बघतो, तिच्यावर उमटलेल्या खुणा पाहतो आणि कानशीने तेवढंच घासतो. हे काम बघत बसावं असं असतं. दाराचा पॅनेल उघडावा लागत नाही, खर्चही बेताचा. गाडी अडकून पडली असेल तर दुसरा विचारच करू नका. फक्त ही चावी झिजलेल्या कुलपाच्या मापाची होते, त्यामुळे कुलूप आणखी झिजलं की ती पुन्हा अडू लागते. आणि जुडगा काही कमी होत नाही, उलट त्यात एका चावीची भर पडते.

दुसरी वाट नव्या लॉक सेटची. सगळी बॅरल (चावी जाते ती कुलपाची नळकांडी) एकाच चावीची, क्रोम चकचकीत, त्यामुळे मोह होतोच. कुर्ल्यात किंवा पुण्याच्या नाना पेठेत चौकशी केली तर अजूनही एखादं खोकं निघतं; पण ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी सेवेतून गेली आणि या मालाचं रोजचं गिऱ्हाईकच आटलं. आता मिळेल ते घ्या, असा प्रकार आहे. जुनी फियाट डिलाइट असो की नंतरची पद्मिनी, सगळ्यांना चालतो, असं सांगूनच मला सेट मिळाला होता. बसलाही व्यवस्थित.

माझं मत फिरलं ते मात्र एका बारीक गोष्टीने. चावी लोण्यासारखी फिरायची, पण दार लागलं की नाही ते हाताला कळायचं नाही. बॅरलच्या मागे जी पट्टी असते, ती आतल्या यंत्रणेत अडकून तिला फिरवते. नव्या सेटची पट्टी किंचित सैल होती. बहुतेक वेळा ती काम करायची, पण एखाद्या वेळी चावी पूर्ण फिरून बाहेर यायची आणि दार उघडंच राहायचं. मग सवयच लागली: चावी फिरवायची, हँडल ओढून बघायचं, चार पावलं गेलं की मागे वळून पुन्हा ओढून बघायचं. बाजारात, लग्नाच्या हॉलबाहेर, पावसात, सगळीकडे तेच. मूळ बॅरलमध्ये ‘टक्’ असा जो ठोका बोटांना लागतो, त्याची किंमत तेव्हा कळते. तुम्हाला चांगला सेट मिळेलही, नाही असं नाही. पण जुनी बॅरल काढून देताना ती भंगारात टाकू देऊ नका, एवढं नक्की सांगेन.

कारण तिसऱ्या वाटेला तीच लागतात. कुलूप मूळचंच ठेवायचं आणि आतल्या पितळी पत्त्यांची अदलाबदल करून सगळ्यांना एक चावी लावायची. प्रत्येक पत्तीला चावी जाण्यापुरती खिडकी असते आणि ती वेगळ्या उंचीवर कापलेली असते. योग्य चावी आत गेली की सगळ्या पत्त्या गाभ्याच्या, म्हणजे चावीबरोबर फिरणाऱ्या आतल्या भागाच्या, पातळीत येतात आणि गाभा फिरतो. म्हणून गाभा बाहेर काढताना त्याची चावी आतच राहू द्यावी, नाहीतर पत्त्या आणि त्यांच्या केसाएवढ्या स्प्रिंगा कुठे उडतील ते सांगता येत नाही. खाली पांढरं फडकं अंथरा. ज्या कुलपाची चावीच नाही, त्याला आधी चावीवाल्याकडून चावी करून घ्यावी लागते, म्हणजे पहिली वाट इथेही थोडी चालावी लागते.

मग जी चावी ठेवायची आहे ती गाभ्यात घालून बघायचं. वर डोकावणाऱ्या पत्त्या काढायच्या आणि त्या जागी दुसऱ्या बॅरलमधल्या जुळणाऱ्या बसवायच्या. काही कारागीर वर आलेली पत्ती कानशीने सपाट करून मोकळे होतात. चावी फिरते, पण घासलेली पत्ती मग नको त्या चावीलाही अडवत नाही. तेवढं करू देऊ नये. त्यापेक्षा चोर बाजारातून एखादं मोडकं बॅरल पत्त्यांसाठी आणून ठेवावं. वेळ लागतो, धीर असलेला माणूस शोधावा लागतो, पण माझ्या गाडीची दारं आता पुन्हा ‘टक्’ करून लागतात आणि मी मागे वळून बघत नाही.

मॉरिस मायनरसारखी ब्रिटिश गाडी असेल तर आधी इग्निशनच्या तोंडावरचा नंबर वाचा. तो ‘एफएस’ या अक्षरांनी सुरू होत असेल तर त्या मालिकेत ८७६ ते ९५५ एवढेच नंबर आहेत आणि नंबरावरून तयार चावी आजही इंग्लंडहून मागवता येते. तिथे घडवाघडवीची गरजच नाही.

पद्मिनीवाल्यांनी काम सुरू करण्याआधी इग्निशनची चावी दाराच्या कुलपात घालून बघावी. फिरणार नाहीच, पण ती शेवटपर्यंत आत गेली तर बाजूच्या खाचा जुळतात आणि सगळ्या गाडीला एक चावी होऊ शकते. अर्ध्यातच अडली तर इग्निशन वेगळं राहू द्या आणि दारं व डिकी एका चावीवर आणा. कुलपात तेल सोडू नका, धूळ धरते. पेन्सिलीच्या शिशाची पूड पुरे. आणि जुळवलेल्या चावीची नक्कल लगेच करून मूळ चावी घरात ठेवा. पुढची प्रत्येक नक्कल तिच्यावरूनच काढावी, खिशात झिजलेल्या चावीवरून नाही.