दुसरीचे गणित आणि ‘वीस तीन’ : एका आईचा अभिप्राय

२०१९च्या जूनमध्ये बालभारतीचे दुसरीचे नवे गणिताचे पुस्तक घरी आले, तेव्हा त्यात ‘तेवीस’च्या जोडीने छापलेले ‘वीस तीन’ पाहून शाळेच्या फाटकापाशी जमणाऱ्या इतर पालकांप्रमाणे मीही अस्वस्थ झाले होते. मराठी संख्यानामे बुडणार, मुलांना उद्या भाजीवाल्याचा भाव कळणार नाही, इथवर बोलणे गेले होते आणि तो वाद विधानसभेपर्यंतही पोहोचला. वर्षभर मुलीला ते पुस्तक शिकवल्यावर मात्र माझे मत पालटले.

‘पंचवीस लिही’ म्हटले की ती आधी ५ काढायची, थबकायची आणि मग त्याच्यापुढे २ लिहून ५२ करायची. चूक तिची नव्हती, कारण कानावर पाच आधी पडतात आणि लिहायचे मात्र २ आधी असतात. एकोणतीसमध्ये तर तीस ऐकू येतात आणि कागदावर ३ कुठेच नसतो. कानडी, तेलुगू बोलणाऱ्या मुलांना हा फेरा पडत नाही, कारण त्या भाषांत दशक आधी उच्चारतात. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी या बदलामागे हीच अडचण सांगितली होती. आम्ही काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे रबराने बांधून ठेवले होते. ‘सदुसष्ट’ म्हटले की ती माझ्या तोंडाकडे पाहत राही. ‘साठ सात’ म्हणताच तिने सहा गठ्ठे आणि सात सुट्या काड्या पुढे सरकवल्या, आणि दशक-एकक तिला उमगले आहे याची मला त्या क्षणी खात्री पटली.

पुस्तकात दोन्ही नावे दिली आहेत, ही त्याची सर्वांत जमेची बाजू. आमच्या शाळेने मात्र पालकसभेत याबद्दल एक शब्दही काढला नाही, आणि ‘अक्षरी लिहा’ या प्रश्नात कोणते उत्तर ग्राह्य धरणार, हे दिवाळीपर्यंत स्पष्ट झाले नाही, याचे मला मनापासून वाईट वाटले. कारण वेळीच समजावले असते तर निम्मे पालक तरी शांत झाले असते.

पाढ्यांना मात्र जुनी नावेच हवीत. ‘सात नवे त्रेसष्ट’ची लय ‘साठ तीन’ला येत नाही. म्हणून आमच्याकडे संध्याकाळी आजीबरोबर पाढे जुन्या नावांनी होतात आणि सकाळी वहीत संख्या लिहिताना नवी नावे चालतात. ज्यांची मुले अंक उलटे लिहितात, त्यांनी ही पद्धत महिनाभर तरी वापरून पाहावी.